‘तोडलं तरी ऊर्जा, जोडलं तरी ऊर्जा?’ विखंडन आणि संमीलनाच्या धड्यात या चुका टाळा

सोलापुरात मी बारावीच्या मुलांना संध्याकाळी भौतिकशास्त्र शिकवते. अणुकेंद्रकांचा धडा पुस्तकात शेवटाकडे आहे, त्यामुळे तो नेमका गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत येतो. अर्धा वर्ग होम मैदानावर पाळण्यात बसलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्याचं लक्षही तिकडेच असतं. मग फेब्रुवारीत सगळे मिळून ‘फरक स्पष्ट करा’चा तक्ता पाठ करतात: विखंडन म्हणजे फिशन, जड केंद्रक तुटतं, संमीलन म्हणजे फ्यूजन, हलकी केंद्रकं जुळतात. तक्ता बरोबर असतो. चुका होतात त्या तक्त्याच्या बाहेर.

दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं होतं, “मॅडम, युरेनियम तोडलं की एनर्जी बाहेर येते म्हणताय. मग हायड्रोजन जोडायला एनर्जी घालायला लागंल की! दोन्हीकडनं बाहेरच कशी येईल?” वर्ग हसला. मला हसू आलं नाही. या धड्यावर मी ऐकलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि खाली लिहिलेल्या निम्म्याहून जास्त चुका हा प्रश्न न पडल्यामुळेच होतात.

तोडण्याजोडण्यात अडकू नका, लोखंड कुठे आहे ते बघा

सिद्धेश्वर तलाव डोळ्यांसमोर आणा. कुठल्याही काठानं उतरलात तरी पोचता पाण्यापाशीच. अणुकेंद्रकांच्या जगात या पाण्याच्या जागी लोखंड आणि निकेल आहेत. त्यांच्या केंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन सगळ्यात घट्ट बांधलेले असतात, प्रत्येक कणामागे सुमारे ८.८ एमईव्ही (केंद्रकांची ऊर्जा मोजायचं एकक). एका काठावर हायड्रोजनचे भाऊबंद उभे आहेत; तिथला उतार एकदम खडा. दुसऱ्या काठावर युरेनियम. तिथला उतार लांबलचक आणि सौम्य. जो कुणी पाण्याकडे सरकेल तो ऊर्जा बाहेर टाकेल. हायड्रोजनला सरकायचं तर मोठं व्हावं लागतं, म्हणून तो जुळतो. युरेनियमला सरकायचं तर लहान व्हावं लागतं, म्हणून तो तुटतो. दिशा दोघांची एकच.

त्यामुळे ‘कुठलंही केंद्रक तोडलं की ऊर्जा मिळते’ हे वाक्य चूक, आणि ‘कुठलीही केंद्रकं जोडली की ऊर्जा मिळते’ हेही चूक. लोखंड तोडलं तरी पदरचे पैसे जातात, जोडलं तरी जातात. मोठ्या ताऱ्यांचा शेवट यामुळेच होतो: गाभ्यात लोखंड साचलं की संमीलनातून मिळणारी ऊर्जा बंद होते, गाभा स्वतःच्या वजनानं कोसळतो आणि ताऱ्याचा महास्फोट होतो. त्या पोराला मी एवढंच सांगितलं की तुझी शंका लोखंडाच्या बाबतीत खरी आहे, हायड्रोजनच्या बाबतीत नाही.

बंधनऊर्जा म्हणजे आत साठवलेलं धन नव्हे

हा घोळ मला दरवर्षी किमान दहा वह्यांत सापडतो. ‘बंधनऊर्जा’ हा शब्द ऐकला की वाटतं, केंद्रकाच्या पोटात ऊर्जा कोंडून ठेवली आहे आणि फोडलं की ती भसकन बाहेर पडते. गोष्ट उलटी आहे. केंद्रक तयार होतानाच जी ऊर्जा बाहेर निघून गेली ती बंधनऊर्जा. ते पुन्हा सुटं करायचं असेल तर तेवढी भरून द्यावी लागेल. म्हणजे बंधनऊर्जा जास्त असलेलं केंद्रक श्रीमंत नाही. त्यानं आधीच जास्त खर्च करून टाकला आहे.

हे पक्कं नसलं की गणितात चिन्ह फिरतं. ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचेच जड प्रकार जुळून हेलियम आणि एक न्यूट्रॉन होतो, हे उदाहरण घ्या. ड्युटेरियमची एकूण बंधनऊर्जा २.२२ एमईव्ही, ट्रिटियमची ८.४८, हेलियम-४ ची २८.३०. सुट्या न्यूट्रॉनची शून्य. आता वजाबाकी: २८.३० वजा १०.७० म्हणजे १७.६ एमईव्ही बाहेर. नंतरच्यातून आधीचं वजा केलं, हे नीट बघा. वस्तुमानं दिली असतील तर मात्र आधीच्यातून नंतरचं वजा करायचं, कारण बंधनऊर्जा वाढते तिथे वस्तुमान घटतं. मुलं एक रीत पाठ करतात आणि दोन्हीकडे तीच लावतात; मग उत्तर उणे येतं, आणि शेवटी कुणी न बघता उण्याचं चिन्ह खोडून टाकतं! मी ते खोडलेलं ओळखते, बोर्डाचे परीक्षकही ओळखत असतील.

याच कुटुंबातली दुसरी चूक म्हणजे ‘विखंडनात काही न्यूट्रॉनचं ऊर्जेत रूपांतर होतं’. एकही होत नाही. युरेनियम-२३५ मध्ये एक न्यूट्रॉन शिरला की २३६ कण होतात. बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन यांची बेरीज करा, २३६ च. कण सगळे जागेवर आहेत, फक्त त्यांची बांधणी घट्ट झाल्यानं एकूण वस्तुमान थोडं कमी भरतं. किती कमी? विखंडनात हजारात एक भागाहूनही किंचित कमी. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या संमीलनात हजारात जेमतेम चार भाग.

बेरियम आणि क्रिप्टॉन ही जोडी पुस्तकांची लाडकी आहे म्हणून ती एकमेव समजू नका. झेनॉन-१४० आणि स्ट्रॉन्शियम-९४ मिळाले तर दोनच न्यूट्रॉन सुटतात, आणि अशा कितीतरी जोड्या आहेत. तुकडे बहुधा असमान असतात, एक १४० च्या आसपास, दुसरा ९५ च्या. ‘युरेनियमचे दोन समान तुकडे होतात’ असं लिहिलं की गुण गेले.

मंदायक काय मंद करतो?

इथे दोष मुलांचा कमी आणि शब्दाचा जास्त. ‘मंदायक’ (मॉडरेटर) म्हटलं की कुणालाही वाटेल, अणुभट्टीतली अभिक्रिया मंद करणारा पदार्थ. ब्रेक. मग नियंत्रक कांड्या कशाला, असं विचारलं की उत्तर येतं, “ते पण ब्रेकच, जादाचे.”

मंदायक न्यूट्रॉनचा वेग मंद करतो, आणि त्यामुळे अभिक्रिया चालू राहते. विखंडनातून सुटलेला न्यूट्रॉन सेकंदाला साधारण वीस हजार किलोमीटर वेगानं पळत असतो. मंदायकाच्या अणूंवर आपटत आपटत तो सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटरवर येतो. अशा हळू न्यूट्रॉनला युरेनियम-२३५ पकडण्याची शक्यता कित्येकशे पटींनी वाढते. सोलापूर स्टेशनातून न थांबता धाडधाड गेलेल्या गाडीत कोण चढणार? उपमा ढोबळ आहे, पण परीक्षेच्या खोलीत ती आठवते असं मुलं सांगतात.

ब्रेकचं काम कॅडमियम किंवा बोरॉनच्या नियंत्रक कांड्यांचं. त्या न्यूट्रॉन गिळतात. तेव्हा कांड्या आत सारल्या की साखळी अभिक्रिया, म्हणजे एका विखंडनाच्या न्यूट्रॉननी पुढचं विखंडन होत राहणं, थांबते, आणि मंदायक काढून घेतला तरीही थांबते. या दोन वाक्यांतली दोन वेगळी कारणं ज्याला सांगता आली, त्याला हा भाग कळला.

साधं पाणी शीतक (उष्णता वाहून नेणारं) आणि मंदायक अशी दोन्ही कामं करतं अशा भट्टीत पाणी निघून गेलं तर साखळी आपोआप तुटते. चेर्नोबिलच्या भट्टीत मंदायक ग्रॅफाइट होतं. पाण्याची वाफ झाली तरी ग्रॅफाइट जागेवरच, आणि न्यूट्रॉन शोषणारं पाणी मात्र कमी झालेलं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री अभिक्रिया उसळण्यामागे भट्टीच्या रचनेतला हा दोष होता. तरीही तो अणुबॉम्बसारखा स्फोट नव्हता. भट्टीच्या इंधनात युरेनियम-२३५ चं प्रमाण काही टक्केच असतं, नैसर्गिक युरेनियममध्ये तर ०.७ टक्के, बॉम्बसाठी ते नव्वदच्या घरात न्यावं लागतं.

‘हायड्रोजन’ दिसला की ‘संमीलन’ लिहू नका

मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या इमारतींची छपरं उडाली तेव्हा बातम्यांत ‘हायड्रोजनचा स्फोट’ असे शब्द होते. ते वाचून आजही कुणीतरी लिहितं की फुकुशिमाला संमीलन झालं. नाही. इंधन भरलेल्या झिर्कोनियमच्या तापलेल्या नळ्यांवर वाफ गेली, रासायनिक अभिक्रियेनं हायड्रोजन वायू सुटला, तो साचला आणि हवेतल्या ऑक्सिजनबरोबर पेटला. गॅसगळती होऊन स्वयंपाकघर उडावं, त्याच जातीचा हा स्फोट. शिवाय भूकंप झाल्या झाल्या तिथली साखळी अभिक्रिया बंद पडलेली होती. घात केला तो विखंडनातून उरलेल्या तुकड्यांच्या किरणोत्सारातून येत राहणाऱ्या उष्णतेनं, कारण ती काढून घेणारे पंप त्सुनामीनं बंद पाडले.

जड पाण्याचंही असंच होतं. जड पाण्यात ड्युटेरियम असतं, ड्युटेरियम संमीलनाचं इंधन, म्हणून भारतात संमीलनाच्या भट्ट्या आहेत, अशी उडी मारली जाते. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांत जड पाणी आहे, पण ते मंदायक म्हणून. ते न्यूट्रॉन फार कमी गिळतं, म्हणून नैसर्गिक युरेनियमवरही भट्टी चालते. त्याच आवारातले १९६९ चे पहिले दोन संच साध्या पाण्यावर चालतात, त्यांना समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं. चारही संच विखंडनाचेच. वीज विकणारं संमीलनाचं केंद्र आज जगात कुठेही नाही.

हायड्रोजन बॉम्बमध्ये मात्र दोन्ही असतात. आधी विखंडनाचा बॉम्ब फुटतो आणि त्याच्या उष्णतेनं-दाबानं संमीलन पेटतं. ‘हायड्रोजन बॉम्ब म्हणजे फक्त संमीलन’ हे उत्तर अर्धंच.

कोणात ऊर्जा जास्त? आधी ‘कशामागे’ ते विचारा

एका विखंडनातून सुमारे २०० एमईव्ही, एका संमीलनातून १७.६. मग पुस्तक संमीलनात जास्त ऊर्जा का म्हणतं? कारण पहिल्यात २३६ कण आहेत, दुसऱ्यात पाच. कणामागे काढा: विखंडन साधारण ०.८५, संमीलन ३.५. किलोमागेही तेच चौपट प्रमाण. खड्या उताराची गोष्ट वर सांगितली ती हीच. उत्तरात ‘प्रति घटना’ की ‘प्रति किलो’ हे लिहिलं नाही तर दोन्ही विधानं बरोबर आणि दोन्ही चूक.

एककांबद्दल थोडक्यात. एमईव्हीचे ज्यूल करताना १.६ ला १० च्या उणे १३ व्या घातानं गुणायचं. सवयीनं उणे १९ लिहिलं जातं, ते ईव्हीसाठी. उत्तर दहा लाख पटींनी चुकतं. पडताळा घ्यायचा तर एक किलो युरेनियम-२३५ पूर्ण विखंडित झालं की सुमारे ८२ लाख कोटी ज्यूल येतात, हे लक्षात ठेवा. तेवढ्या उष्णतेला चांगल्या प्रतीचा कोळसासुद्धा तीन हजार टनांच्या आसपास लागेल. उत्तर तीन-चार किलो कोळशाइतकं आलं तर वही बंद करू नका.

सूर्य ‘जळत’ नाही

मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की सोलापूरकराला हे पटवणं अवघड. पण जळायला ऑक्सिजनबरोबरची रासायनिक अभिक्रिया लागते, आणि तसं असतं तर सूर्य काही हजार वर्षांत विझला असता. त्याच्या गाभ्यात प्रोटॉन जुळून शेवटी हेलियम होतो. ‘सूर्यात ड्युटेरियम आणि ट्रिटियमचं संमीलन होतं’ हे उत्तरही चूक; ती जोडी आपण पृथ्वीवर निवडली, कारण ती त्यातल्या त्यात सोपी. सूर्याची सुरुवात दोन साध्या प्रोटॉनपासून होते आणि ती इतकी सावकाश आहे की एका प्रोटॉनला जोडीदार मिळायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात.

यावरून एक गंमत. सूर्याच्या गाभ्यात एका घनमीटरमागे तयार होणारी ऊर्जा तीनशे वॉटच्याही आत आहे. तेवढ्याच आकारमानाच्या माणसांच्या शरीरांतून याहून कितीतरी जास्त उष्णता निघते. गड्ड्याच्या गर्दीत उभं राहिलेल्याला मी वेगळं सांगायला नको. सूर्य प्रखर आहे तो प्रचंड मोठा असल्यामुळे. म्हणून पृथ्वीवरच्या यंत्रांना सूर्याची नक्कल करून भागत नाही. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश, तर फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या संमीलन प्रकल्पाचं लक्ष्य पंधरा कोटी.

एवढं तापमान संमीलनालाच का लागतं? दोन्ही केंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलतात, त्यामुळे जबरदस्त वेगानंच जवळ येऊ शकतात. न्यूट्रॉनवर भारच नाही. तो हळू चालत आला तरी युरेनियमच्या दारातून आत जातो. ‘विखंडनाला अतिउच्च तापमान लागतं’ असं लिहिणारे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतात.

जाता जाता इतिहास. विखंडन आइन्स्टाइननं शोधलं नाही. त्याचं E = mc² हे समीकरण १९०५ चं; विखंडनाचा प्रयोग ओटो हान आणि फ्रित्झ स्ट्रासमान यांचा, डिसेंबर १९३८ चा, आणि त्याचा अर्थ लावला लीझे माइटनर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश यांनी. नोबेल मात्र एकट्या हानला मिळालं. माइटनरचं नाव गाळणाऱ्या मुलांचा मी अर्धा गुण कापते, नियमात बसो वा न बसो. आणि संमीलन हे ‘नंतरचं, आधुनिक’ असंही समजू नका. रदरफर्ड आणि सहकाऱ्यांनी ड्युटेरियमची केंद्रकं प्रयोगशाळेत १९३४ मध्येच जुळवली होती.

‘संमीलन जमलं की आता, बातमी आली होती’

५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या प्रयोगात लेझरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनाच्या गोळीवर पडली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. मोठीच गोष्ट. पण ते लेझर चालवायला वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. बातमी वाचताना ‘आत किती गेली’ ही मोजणी कुठून सुरू केली आहे ते पाहा. इथे मोठमोठ्यांचे अंदाजही चुकले आहेत. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत वीस वर्षांत नियंत्रित संमीलनाची रीत सापडेल असं भाकीत केलं होतं.

भारतात हे काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालतं. तिथल्या संमीलन संशोधनाच्या जुन्या यंत्राचं नाव ‘आदित्य’. सूर्याकडे पाहणारं ‘आदित्य-एल१’ यान वेगळं. एका मुलीनं दोन्ही एकत्र करून ‘भारतानं अवकाशात संमीलन भट्टी पाठवली’ असं लिहिलं होतं, आणि अक्षर इतकं सुंदर होतं की काट मारताना जिवावर आलं.

आणखी दोन अर्धसत्यं. ‘संमीलनात किरणोत्सार नसतो’: ट्रिटियम स्वतः किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि १४.१ एमईव्हीचे न्यूट्रॉन यंत्राच्या भिंती किरणोत्सारी करतात. विखंडनासारखे दीर्घायुषी तुकडे मात्र तयार होत नाहीत, एवढं लिहा. ‘इंधन समुद्राच्या पाण्यातून मिळतं’: ड्युटेरियम मिळतं. ट्रिटियम लिथियमपासून बनवावं लागतं.

प्रत्येक ‘अणू’वालं काम विखंडन नसतं

वर्गातल्या एकीच्या आजीला बार्शीला शेक द्यायला, म्हणजे किरणोपचारासाठी, नेत होते. तिनं हळूच विचारलं, “आजीच्या अंगात फिशन होतं का?” किरणोपचारात विखंडनही नाही आणि संमीलनही नाही. कोबाल्ट-६० चं केंद्रक आपोआप स्थिर होताना किरण सोडतं, त्याला किरणोत्सारी ऱ्हास म्हणतात. आणि आजची बरीच यंत्रं तर इलेक्ट्रॉनना वेग देऊन किरण तयार करतात, तिथे किरणोत्सारी पदार्थच नसतो. बाहेरून किरण दिलेल्या आजीजवळ बसायला हरकत नाही, हेही तिला सांगितलं. उत्तरपत्रिकेत ‘विघटन’, ‘विखंडन’ आणि ‘ऱ्हास’ हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

होटगीच्या बाजूला फताटेवाडीचं वीज केंद्र अणूवर चालतं का, हेही दर वर्षी कुणीतरी विचारतंच. नाही, ते एनटीपीसीचं, ६६० मेगावॅटचे दोन संच, आणि इंधन कोळसा. प्रश्न मात्र अगदीच वेडा नाही, कारण वाफेपासून पुढचं सगळं तारापूरलाही तसंच आहे: पाणी उकळा, टर्बाइन फिरवा. ड्युटेरियम-ट्रिटियमवर उद्या वीज केंद्र उभं राहिलं तर तिथेही न्यूट्रॉनच्या उष्णतेनं बहुधा पाणीच उकळेल.

यंदा लोखंडाचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. गड्डा उठला आणि पोरं बाकावर परतली की मीच विचारणार आहे.